पाण्याखालची पांढरी

मराठी मुलखातील गावाने आपल्या जमिनीची वाटणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. जी पिकते ती काळी आणि जिच्यावर माणूस राहतो ती पांढरी. ही वाटणी नुसत्या रंगाची नव्हे. घरे पडतात, नवी उठतात; चुलीतील राख, भिंतींची माती, शेणाचे सारवण, जनावरांची हाडे, फुटकी मडकी यांचे थर शतकानुशतके एकावर एक बसत जातात आणि नदीकाठच्या काळ्या सपाटीतून एक करडे, पांढुरके टेकाड हळूहळू वर येते. जुन्या कागदपत्रांतील ‘समस्त पांढरी’ म्हणजे गावातील सारी माणसे. माती आणि माणूस यांना भाषेने एकच शब्द पुरवला, आणि पुरातत्त्वज्ञाचा सगळा व्यवसाय नेमका त्या एका शब्दावर उभा आहे. गाव उठून गेले तरी पांढरी मागे राहते. शेतकरी ती खणून गाड्या भरभरून रानात टाकतो, कारण तिच्यात खताचा गुण असतो. आणि त्या गाडीतून कधी एखादा अकीकाचा मणी, कधी काळ्या नक्षीचे तांबूस खापर काळीत जाऊन पडते.

नदीच्या खोऱ्याचे सर्वेक्षण करणारा माणूस अशा पांढरीच्या शोधात हिंडत असतो. त्याची साधने फारशी नाहीत. नकाशाची पत्रके, होकायंत्र, टेप, कापडी पिशव्या, पिशवीत घालायच्या चिठ्ठ्या आणि चालण्याची तयारी. नदीचा एक काठ धरून तो वर जातो आणि दुसऱ्या काठाने खाली येतो. जेथे पात्राने दरड कापली आहे तेथे थांबून तो तिच्यातील गोट्यांचे आणि गाळाचे थर न्याहाळतो, कारण अश्मयुगातील हातकुऱ्हाड त्या गोट्यांतच दडलेली असते. उरलेले काम प्रश्न विचारण्याचे. जुने गाव कोठे होते? नांगराला विटा कोणत्या रानात लागतात? पहिल्या पावसानंतर पोरे मणी वेचायला कोठे जातात? शेंदूर फासलेले दगड कोणत्या झाडाखाली आहेत? गावकरी उत्तर देतात, पण त्यांच्या मनात एक शंका असते. हा गुप्तधनाच्या मागे आला आहे, ही त्यातली पहिली. धरणाच्या टापूत तिला दुसरी जोड मिळते: हा जमिनी मोजणाऱ्यांपैकी आहे. पहिली शंका हसून घालवता येते. दुसरी तितकी सहज जात नाही, कारण ती सर्वस्वी खोटी नसते. तो आला आहे तो त्याच पाण्याच्या बातमीवरून.

एरवी पुरातत्त्व हा धीम्या माणसांचा उद्योग आहे. एका मोसमात जे उकलले नाही ते पुढच्या मोसमावर सोडायचे, टेकाडाचा मोठा भाग मुद्दाम न खणता ठेवायचा, म्हणजे उद्या अधिक चांगली साधने घेऊन येणाऱ्यांना काही शिल्लक राहील, अशी त्याची रीत. भीमेच्या खोऱ्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात बारा मोसम खोदकाम केले आणि ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे एक गाव घरांसकट, चुलींसकट, घरातच जमिनीखाली पुरलेल्या मृतांसकट उलगडले. त्या गावाने नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी बांध घालून पाट काढल्याच्याही खुणा मिळाल्या; पाणी अडवण्याची इच्छा या खोऱ्यात तीन हजार वर्षांहून जुनी आहे. एका गावासाठी बारा मोसम! धरणाच्या पोटात जाणाऱ्या खोऱ्यात हा हिशेब मोडतो. तेथे अंतिम तारीख दुसऱ्याच खात्याने ठरवलेली असते. अभियंता नकाशावर एक समपातळी रेषा आखतो, पूर्ण साठ्याची रेषा, आणि त्या क्षणापासून इतिहासाचे दोन भाग पडतात: रेषेच्या वरचा आणि रेषेच्या खालचा. वरच्याला अनंत काळ आहे. खालच्यासाठी पावसाळे मोजावे लागतात. ‘न खणता ठेवणे’ हा जो संयम तो तेथे गुन्हा ठरतो आणि घाई हा धर्म होतो.

भारतात या घाईचा सर्वांत मोठा प्रयोग कृष्णेच्या काठी झाला.

आंध्र प्रदेशात, त्या वेळच्या गुंटूर जिल्ह्यात, नल्लमलाईच्या फाट्यांनी तिन्ही बाजूंनी वेढलेले आणि चौथ्या बाजूला कृष्णेने बंद केलेले एक खोरे होते. नागार्जुनकोंडा हे त्याचे नाव; खरे तर ते खोऱ्यातील एका टेकडीचे नाव. कोंडा म्हणजे डोंगर. परंपरा या स्थळाचा संबंध माध्यमिक मताचा आचार्य नागार्जुन याच्याशी जोडते, पण खोऱ्यात सापडलेल्या लेखांनी तिला निर्णायक दुजोरा दिलेला नाही. १९२६ साली मद्रासच्या पुराभिलेख कार्यालयातील ए. रंगस्वामी सरस्वती तेथे पोचले आणि झाडोऱ्यात उभे असलेले कोरीव खांब विद्वानांना ठाऊक झाले. पुढल्या वर्षापासून १९३१ पर्यंत ए. एच. लाँगहर्स्ट यांनी तेथे खोदकाम केले, १९३८ मध्ये टी. एन. रामचंद्रन यांनी आणखी काही भाग उघडला. मग शांतता. ती कदाचित आणखी पन्नास वर्षे टिकली असती. जेथे पोचायचे तर डोंगर ओलांडायचे, अशा जागेसाठी कोणते सरकार माणसे आणि पैसा ओतणार होते?

ओतला, तो धरणामुळे. खोऱ्याच्या खालच्या अंगाला कृष्णेवर बांध घालण्याचे ठरले तेव्हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने आर. सुब्रह्मण्यम् यांच्या हाताखाली एक स्वतंत्र पथक नेमले आणि १९५४ पासून १९६० पर्यंत, सहा वर्षे, पूर्ण खोरे पिंजून काढले. १० डिसेंबर १९५५ रोजी जवाहरलाल नेहरूंनी धरणाची कोनशिला बसवली त्या वेळी खोदकाम ऐन भरात होते. एकीकडे हजारो मजूर दगडावर दगड रचत भिंत वर नेत होते. नागार्जुनसागर हे दगडी बांधकामाचे धरण आहे, सुमारे १२४ मीटर उंचीचे, आणि त्याचे दगड फार मोठ्या प्रमाणात माणसांच्या डोक्याखांद्यांवरून चढले. दुसरीकडे त्याच नदीच्या वरच्या अंगाला मजुरांच्याच टोपल्या माती उपसून दगड उघडे करीत होत्या. टोपली दोन्हीकडे तीच. एका ठिकाणी ती भिंत उंचावत होती, दुसऱ्या ठिकाणी त्या भिंतीची मुदत गाठण्यासाठी धावत होती.

शंभराहून अधिक स्थळे या सहा वर्षांत तपासली गेली. अश्मयुगातील हत्यारांपासून नवाश्मयुगातील वस्ती, महाश्मयुगातील दफने आणि मध्ययुगीन किल्ल्यापर्यंत माणसाचा मुक्काम या खोऱ्याने सांभाळला होता. परंतु त्याचा भर तिसऱ्या-चौथ्या शतकातला. सातवाहनांची सत्ता ओसरल्यावर इक्ष्वाकू म्हणवणाऱ्या राजांनी येथे विजयपुरी ही आपली राजधानी वसवली. किल्ल्याची तटबंदी, नदीवरचा दगडी घाट, पायऱ्यापायऱ्यांची बैठक असलेले एक चौकोनी प्रेक्षागार, तिसांहून अधिक बौद्ध विहार आणि स्तूप, कार्तिकेयाची आणि शिवाची मंदिरे, हे सर्व एका नजरेच्या टप्प्यात होते. राजा वासिष्ठीपुत्र चांतमूल अश्वमेध करणारा वैदिक धर्माचा अभिमानी. त्याची बहीण चांतिसिरी मात्र महाचैत्य उभारून बुद्धाच्या चरणी दान ठेवणारी. एका घरातील या दोन श्रद्धांचे भांडण झाल्याची नोंद नाही. दान देणाऱ्या स्त्रियांची नावे या खोऱ्यातल्या दगडांवर इतकी आहेत की राजांची नावे त्यांच्या नात्याने लक्षात राहावीत. बोधिसिरी नावाच्या उपासिकेचा लेख सिंहलद्वीपाच्या आचार्यांना वास्तू अर्पण करतो आणि त्या आचार्यांनी ज्यांना धर्माकडे वळवले त्या देशांची यादीच देतो: काश्मीर, गांधार, चीन, तोसली, वंग, वनवासी, यवन आणि त्यांच्यातच अपरांत. अपरांत म्हणजे कोकण. नल्लमलाईच्या आडोशाला बसून कोणी तरी कोकणाची आठवण दगडावर कोरून ठेवली होती.

खोऱ्यातील आणखी एक लेख आभीर वसुषेणाच्या तिसाव्या वर्षाचा आहे. आभीर म्हणजे ज्यांच्या एका राजाचा लेख नाशिकच्या लेण्यात आहे ते घराणे. अष्टभुजस्वामी या विष्णुरूप देवाच्या स्थापनेची हकिकत त्या लेखात आली आहे. मूर्ती औदुंबराच्या लाकडाची होती आणि देवाला त्याच्या जागेवरून हलवलेले नाही, असा त्यातील एका वाक्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. लाकूड कधीच मातीत मिळाले. उरले ते वाक्य.

आता निवडीचा प्रश्न आला. सगळे उचलणे शक्य नव्हते. काही मोजक्या वास्तू दगडविटांसह उकलून हलवायच्या, काहींच्या लहान प्रतिकृती करायच्या आणि बाकीच्यांची मापे, छायाचित्रे व आराखडे घेऊन त्यांना जागच्या जागी सोडून द्यायचे, असे ठरले. नऊ वास्तू टेकडीच्या माथ्यावर पुन्हा रचण्यात आल्या, चौदांच्या प्रतिकृती बनवल्या गेल्या. प्रेक्षागार आणि हारितीचे मंदिर यांची पुनर्रचना काठावर अनुपू येथे झाली. कोरीव फलक, मूर्ती, लेख यांच्यासाठी माथ्यावरच वस्तुसंग्रहालय बांधले. ते १९६६ च्या सुमारास पूर्ण झाले. ४ ऑगस्ट १९६७ रोजी इंदिरा गांधींनी कालव्यांत पाणी सोडले. जलाशयाची पूर्ण पातळी ५९० फुटांची. टेकडीचे बेट झाले. आज लाँचमधून त्या बेटावर उतरणारा प्रवासी नऊ वास्तूंमधून फिरतो, महाश्मयुगीन दफनाची शिळावर्तुळे पाहतो, घाटाच्या पायऱ्या पाहतो आणि एक साधी गोष्ट त्याच्या ध्यानात यायला वेळ लागतो. नदीचा घाट टेकडीच्या माथ्यावर आहे. जी वास्तू पाण्याकडे उतरण्यासाठी बांधली ती पाण्यापासून वाचवण्यासाठी वर न्यावी लागली. आणि ती जेथून आणली ती जागा त्या घाटाच्या पायऱ्यांना कधी ठाऊक नव्हती इतक्या खोल पाण्यात आहे.

पुनर्रचित वास्तू खोटी नसते, हे खरे. दगड तेच, विटांचा आकार तोच, चक्राच्या आऱ्यांसारखा स्तूपाचा पायाही तोच. परंतु विजयपुरीत कोणता विहार कोणत्या विहाराच्या शेजारी होता, भिक्षेला निघालेला भिक्षू राजवाड्याच्या किती जवळून जात असेल, देवळातील घंटा चैत्यात ऐकू जात असेल की नाही, हे शेजार वाचवण्याची कोणतीही रीत नाही. वास्तू हलवता येते. अंतर हलवता येत नाही. ते फक्त कागदावर उतरवता येते.

येथे धरणविरोधकांना सोयीचा वाटेल असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो आणि तो टाळलेला बरा. धरण आले नसते तर हे खोरे इतक्या समग्रपणे कधीच उघडले गेले नसते. ज्या पाण्याने विजयपुरी बुडवली त्याच पाण्याच्या धाकाने ती जगासमोर आली. शिवाय त्या पाण्याने दोन्ही तीरांवरील कोरडवाहू रानांत भात उभा केला, हे पलनाडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण याला आणखी एक बाजू आहे, आणि अहवालांच्या पानांवर तिला फार थोडी जागा मिळाली. खोरे निर्जन नव्हते. पुल्लारेड्डीगुडेम नावाचे लहानसे गाव तेथे होते. पुरातत्त्वज्ञ त्याच्या शेजारी राहिला, त्या परिसरातल्या माणसांच्या हातांनी त्याने माती उपसली, आणि त्याच्या दृष्टीने ते गाव म्हणजे बहुधा पत्ता सांगण्याची सोय होती: अमुक स्तूप गावाच्या पूर्वेला, तमुक विहार गावाच्या उत्तरेला. तिसऱ्या शतकातील पांढरी मोजली गेली, विसाव्या शतकातील पांढरी मोजण्याचे काम भूसंपादन खात्याकडे गेले. एकीला ‘वारसा’ हे नाव मिळाले, दुसरीला ‘नुकसानभरपाई’.

इक्ष्वाकूंच्या काळी मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या खांबांना त्यांच्याच लेखांत ‘छायाखंभ’ म्हटले आहे. महाराष्ट्रातील वीरगळाचाच तो वडीलधारा. राजासाठी छायाखंभ आहे, सेनापतींसाठी आहेत, लढाईत पडलेल्या साध्या सैनिकांसाठी आहेत, एक कारागिराच्याही नावाचा आहे. माणूस गेल्यावर त्याची सावली दगडात धरून ठेवायची ही कल्पना. आणि कारागिराचीही सावली धरण्याजोगी आहे, असे त्या काळच्या कोणाला तरी वाटले. उठून गेलेल्या गावासाठी असा खांब उभारण्याची पद्धत मात्र पुढे कोणी पाडली नाही.

तरीही नागार्जुनकोंड्याचे भाग्य मोठेच म्हणावे लागेल. त्याच दशकात दामोदर नदीवर पंचेत धरण होत होते. आज पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात असलेल्या तेलकुपी येथे नदीकाठी मंदिरांचा एक दाट समूह होता. १८७० च्या दशकात जे. डी. बेग्लर यांनी तो पाहिला, त्याचे वर्णन केले आणि त्या मुलखात इतक्या थोड्या जागेत इतकी देखणी मंदिरे दुसरीकडे नाहीत अशा अर्थाचा अभिप्राय नोंदवला. धरणाचे पाणी चढले तेव्हा तेथे कोणतेही पथक नव्हते, चाचणीचा खड्डा नव्हता, हलवायच्या वास्तूंची यादी नव्हती. बहुतेक मंदिरे गेल्यानंतरच तिकडे लक्ष गेले. पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालक झालेल्या देबला मित्र यांनी पाण्यात उभी असलेली शिखरे पाहिली आणि बेग्लर यांच्या नोंदी, जुनी छायाचित्रे व उरलेले अवशेष जुळवून १९६९ साली एका बुडालेल्या स्थळाचा ग्रंथ सिद्ध केला. अंगणातून मृतदेह उचलल्यानंतर पंचांच्या जबान्यांवरून पंचनामा लिहावा तसे ते काम आहे, आणि म्हणूनच त्यातील प्रत्येक मोजमापामागे एक दबलेला संताप ऐकू येतो. एकाच देशात, एकाच दशकात, एका खोऱ्याला सहा वर्षे मिळाली आणि दुसऱ्याला सहा आठवडेही नाहीत. राजधानी नामांकित होती, तिच्यामागे बुद्धाचे नाव होते. तेलकुपीमागे तिच्या शिल्पांखेरीज कोणी नव्हते.

बुडणाऱ्या खोऱ्याची आधी पाहणी करावी ही कल्पना भारतात जन्मलेली नाही. ती नाईलच्या काठची. अस्वानचा पहिला बांध १९०२ साली पुरा झाला आणि थोड्याच वर्षांत त्याची उंची वाढवण्याचे घाटले. तेव्हा १९०७ मध्ये जॉर्ज रायस्नर यांच्या नेतृत्वाखाली न्युबियाच्या काठांची पद्धतशीर पाहणी सुरू झाली. त्यांच्यापुढे दफनभूमींमागून दफनभूमी उघडत गेल्या आणि त्यांतली माणसे कोण, त्यांची भाषा कोणती, ती स्वतःला काय म्हणवीत, हे सांगणारा एक शब्दही सापडेना. शोधत बसायला वेळ नव्हता. रायस्नर यांनी त्या समाजांना ए, बी, सी अशी अक्षरे देऊन टाकली. ही तात्पुरती चिठ्ठी होती, पिशवीत घालण्यापुरती. शंभर वर्षे उलटली; त्यांतला ‘बी’ पुढच्या संशोधनाने जवळजवळ निकालात काढला, पण ‘ए-गट’ आणि ‘सी-गट’ ही नावे अजून ग्रंथांत तशीच आहेत. पाण्याच्या घाईत दिलेले नाव त्या लोकांना कायमचे चिकटले.

मोठे अस्वान धरण ठरल्यावर ८ मार्च १९६० रोजी युनेस्कोने जगाला हाक दिली. अबू सिंबलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात करवतीने कापून हजाराहून अधिक खंडांत पासष्ट मीटर वर नेली गेली, हे सर्वांना माहीत आहे. चित्रेही सर्वांनी पाहिली आहेत. त्या हाकेला ओ देऊन भारतानेही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली एक पथक पाठवले होते आणि १९६१-६२ च्या मोसमात अफ्येह या गावी त्याने वस्ती व दफनभूमी उकरली, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला आठवत नाही. आपल्या कृष्णाकाठच्या खोऱ्यातील खोदकाम नुकतेच आटोपलेल्या देशाने नाईलच्या खोऱ्यात जाऊन कुदळ धरावी यात एक प्रकारचे औचित्य होते. ए-गट आणि सी-गट यांचीच स्थळे त्यांच्या वाट्याला आली. मिसर आणि सुदान मिळून सुमारे एक लाख न्युबियन आपली गावे सोडून गेले. मंदिरे पासष्ट मीटरच हलली. माणसे त्याहून पुष्कळ दूर.

खोरे बुडाल्यावर स्थळ कोठे असते? हा प्रश्न वरवर तत्त्वज्ञानाचा वाटतो, पण तो रोकडा आहे. साध्या स्थळावर चूक झाली तर पुढचा संशोधक पुन्हा तेथे जाऊन थर तपासू शकतो, आधीच्याला खोटे पाडू शकतो. बुडालेल्या स्थळावर अपील नाही. तेथे नोंदवहीच स्थळ होते. कोणत्या खड्ड्यात, किती खोलीवर, कोणत्या खापराबरोबर कोणते नाणे मिळाले हे जे लिहिले असेल तेवढेच यापुढे खरे. न लिहिलेले सारे दुसऱ्यांदा बुडाले. म्हणून अहवाल वेळेवर प्रसिद्ध करणे ही या शाखेत कार्यालयीन शिस्तीची बाब राहत नाही, ती खोदकामाचाच उत्तरार्ध असते. इनामगावचे काम १९८३ मध्ये थांबले आणि त्याचा सविस्तर ग्रंथ १९८८ मध्ये आला. ते टेकाड तर अजून उघड्यावर आहे. नागार्जुनकोंड्याच्या १९५४-६० च्या खोदकामाचा पहिला खंड १९७५ मध्ये निघाला, तोही मुख्यतः इतिहासपूर्व काळाचा. ज्या विजयपुरीसाठी हा सगळा खटाटोप झाला तिचा, म्हणजे ऐतिहासिक काळाचा दुसरा खंड २००६ मध्ये आला. खोदकाम संपल्यापासून छेचाळीस वर्षे. खोऱ्यात ज्यांनी कुदळी धरल्या त्यांच्यापैकी अनेकांना तो पाहायला मिळाला नसेल. मधल्या काळात अभ्यासकांची भूक वार्षिक वृत्तान्तांतल्या परिच्छेदांवर आणि एका मार्गदर्शक पुस्तिकेवर भागली. पाण्याने सहा वर्षांत जेवढे झाकले त्याहून कागदाच्या दिरंगाईने अधिक काळ झाकून ठेवले, असे म्हटले तर ते अन्यायाचे होईल. इतक्या प्रचंड सामग्रीची छाननी करणे किती कठीण असते हे ज्याने एका खड्ड्याची खापरे मोजली आहेत त्यालाच कळते. पण पाण्याला तारीख होती आणि कागदाला नव्हती, एवढे तरी म्हणावेच लागते.

कृष्णेवरच वरच्या अंगाला श्रीशैलमचे धरण झाले तेव्हा या अनुभवाचा काही उपयोग झाला. कुडवेल्ली येथील संगमेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर दगडादगडांवर क्रमांक घालून उकलण्यात आले आणि आलमपूर येथे पुन्हा उभे राहिले. मंदिर हलवण्याचे कसब आता हाती आले आहे. तुर्कस्तानात तिग्रिसकाठच्या हसनकैफ येथील एक आख्खे थडगे २०१७ साली चाकांच्या गाड्यावर चढवून नेले आणि २०२० मध्ये ते जुने शहर पाण्याखाली गेले. दगडाला चाके लावता येतात. पांढरीला कोणी लावली नाहीत. ती हातात घेतली की विस्कटते. तिचे सगळे सांगणे ती जेथे आहे तेथेच असण्यात असते. म्हणून वाचलेल्या गोष्टींच्या याद्यांत मंदिरे, मूर्ती, शिलालेख दिसतात आणि चुली, अंगणे, पाणवठ्याच्या वाटा दिसत नाहीत. सर्वेक्षकाच्या पिशवीत त्यांच्या वाट्याला आलेली असते एक चिठ्ठी आणि मूठभर खापरे.

महाराष्ट्रात धरणे झाली तेव्हा गावांनी आपापल्या परीने निवड केली. मारुती उचलला, म्हसोबा उचलला, देवीचा तांदळा पाटीत घालून डोक्यावरून नव्या गावठाणात नेला. ज्या दगडाला हलवायचे त्याची आधी परवानगी मागितली, नारळ फोडला, कौल घेतला. वीरगळ पुष्कळदा मागे राहिले. त्यांच्यावरील वीर कोण, कोणाचा, हे सांगणारे घर आधीच विसरलेले होते. गावाची ही यादी आणि पुरातत्त्वज्ञाची यादी एकमेकींशी जुळत नाहीत. पुरातत्त्वज्ञ वीरगळाकडे आधी धावेल आणि शेंदराच्या गोळ्याकडे शेवटी. दोघांनाही वेळ थोडा असतो.

भीमेवर उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले. त्याच्या फुगवट्यात इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव गेले. पावसाळ्यात तेथे नुसते पाणी असते. पाऊस कमी झालेल्या वर्षी, वैशाखात, पाणी मागे सरकू लागते आणि पळसनाथाच्या जुन्या मंदिराचे शिखर आधी वर येते, मग खालचे दगडी बांधकाम, मग भोवतीचे ओवऱ्यांचे आणि घरांचे पाये. आजूबाजूच्या गावांतून माणसे येतात. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, शहरातून मोटारी येतात, होड्या लागतात. मंदिर सर्वजण पाहतात. थोडी म्हातारी माणसे मात्र देवळात फार वेळ थांबत नाहीत. ती चिखल वाळून भेगाळलेल्या मोकळ्या जागेत पुढे चालत जातात, एखाद्या जोत्यापाशी उभी राहतात आणि बरोबरच्या नातवाला हाताने दाखवतात: येथे दार होते, येथे गोठा, येथून खाली नदीला वाट. पायाखाली राखाडी माती असते, दर वर्षी लाटांनी थोडी थोडी धुऊन नेलेली, आणि तिच्यातून वर आलेली खापरे. त्यांतली काही त्यांच्याच घरातील रांजणाची असतील, काही त्यांच्याआधी तेथे राहून गेलेल्यांची. नातू एक खापर उचलतो, पाण्याच्या दिशेने भिरकावतो, आणि ते किती टप्पे घेते ते मोजतो. जूनमध्ये पाणी पुन्हा चढू लागते.